दोन्ही बाजूंचा रफू

चाचा, काल जेवणं झाल्यावर माझ्या मुलीने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगता तो सदरा असाच होता का?" बघतो तर तोच. म्हणजे तो नव्हे, त्याचा भाऊ म्हणा. जुन्या लढाईतले कपडे जमवणारा कुणी शौकीन माणूस आहे, त्याने टेबलावर अंथरून फोटो काढलेत. एका फोटोत हिरवी बाजू, दुसऱ्यात तोच सदरा उलटा करून तपकिरी बाजू. डोक्यातून घालायचा, कॉलर नाही, गळ्याला अर्धी चीर आणि तिला बुटाला असते तशी नाडी. खिसा एकही नाही. कमरेचं इलॅस्टिक मेलेलं. मी चष्मा पुसून परत लावला आणि आधी काय पाहिलं असेल सांगा बरं. बगलेची शिवण. तुम्ही असता तर तुम्हीही तिथेच बोट ठेवलं असतं. नात शेजारी बसली होती, ती म्हणाली, "नाना, इट्स जस्ट अ शर्ट." मी म्हटलं, बाय, बस इथे, शर्टाची गोष्ट सांगतो. पण तिला शाळेचं काहीतरी होतं, ती गेली. मग म्हटलं, ज्याला सांगायला हवी त्यालाच सांगू.

तुम्हाला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली. मी तुमच्या मातीला येऊ शकलो नाही, तेव्हा खोबरला होतो आणि देश सोडायचा कागद वेळेत मिळाला नाही, हे तुम्हाला कुणीतरी तिकडे सांगितलं असेलच. आता मीही कात्री ठेवली. मुलगी इथे रियाधला बँकेत आहे, तिने मला व्हिजिटवर बोलावून घेतलंय. हो, बँकेत, आणि गाडी स्वतः चालवते. मागच्या आठवड्यात तिला म्हटलं मला अल सुलैला घेऊन चल. गोदामं आहेत अजून, ट्रकही आहेत, पण आपलं दुकान होतं त्या जागी टायरवाला बसलाय. मी त्याच्या दारात पाच मिनिटं उभा राहिलो तर तो बिचारा विचारतो, कुठला टायर पाहिजे. मुलगी गाडीत बसून हसत होती.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि मला वाटत होतं मला सगळं येतं. आपल्या गावी बंदरावरच्या दुकानात मी सहा वर्षं मशीन मारली होती. तुम्ही पहिल्या दिवशी माझी शिवलेली बाही उलटी केलीत, नाकाजवळ नेलीत आणि म्हणालात, "मेल्या, हा टाका हाय का कोंबडीची पावला?" सगळं दुकान हसलं. सगळं दुकान म्हणजे तुम्ही आणि एक पंखा. आपलं काम तसं साधंच होतं. गोदामातल्या हमालांचे, रास तनुराला रिफायनरीवर जाणाऱ्या कामगारांचे ओव्हरऑल. कोण बघतोय त्यांची बाही? पण तुम्ही बघायचात. उरलेल्या चिंध्यासुद्धा पुडीत बांधून गिऱ्हाईकाला परत द्यायचात, आणि लोक ती पुडी दाराबाहेर फेकून देत. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "त्यानी फेकला तर त्याचा तो फेकतोय. आपल्याला काय? कापड त्याचा, आपला फक्त टाका." माझी दोन वर्षं गेली तुमच्या तोंडून 'बरा झाला' ऐकायची वाट बघण्यात. जास्तीत जास्त काय, 'चालेल'. 'चालेल' मिळालं त्या दिवशी मी स्वतःला चहा पाजायचो.

आणि ती टाचण्यांची रीत. तुम्हाला ना इंग्रजी लिहिता येत होतं ना गिऱ्हाइकांना आपलं वाचता, म्हणून तुम्ही कागदपत्राची भानगडच ठेवली नव्हती. गिऱ्हाईक बोट दाखवील तिथे टाचणी. काम झालं की ती टाचणी काढून कपड्याला बांधलेल्या पुठ्ठ्यात टोचायची. पुठ्ठ्यावर तीन टाचण्या म्हणजे तीन कामं झाली. देताना तुम्ही बोटाने टाचण्या मोजायचात, मग कपड्यावरची कामं मोजायचात, आणि जुळलं की कपडा हातात. पठाण असो, फिलिपिनो असो, कुणाचंही भांडण म्हणून कधी झालं नाही. आजही मला कुणी कपडा दाखवला की माझा हात टाचणी शोधायला शर्टाच्या खिशाकडे जातो.

मग नव्वद साली कुवेतवर हल्ला झाला आणि हिवाळ्याच्या तोंडावर सगळीकडे सोल्जर. रस्त्यावर ट्रकांच्या रांगा, सगळ्यांच्या तोंडी एकच, लढाई कधी सुरू होणार. आपले व्हिसे आणि दुकान ज्याच्या नावावर, त्या कफीलने कुठून ओळख काढली देव जाणे, पण परदेशी फौजेचे कपडे उंचीने कमी करायचं आणि बिल्ले शिवायचं काम त्याने आणलं. पहिला गठ्ठा सोडला तेव्हा तुम्ही बराच वेळ नुसते बघत बसलात. हिरवागार, झाडीझुडपांचा कपडा. तुम्ही म्हणालात, "ह्यांला कोनी सांगितला नाय का, हितं झाडा नायत?" पुढे वाळूच्या रंगाचे, खड्यांसारख्या ठिपक्यांचे आले, तेव्हा कुठे तुमचा जीव शांत झाला. त्या काळात मी तुम्हाला पहिल्यांदा शिवण सोडून दुसऱ्या कशावर बोलताना ऐकलं. आपण जन्मभर शिवतो ते माणूस चारचौघांत उठून दिसावा म्हणून, आणि हे लोक शिवून घेतात ते दिसू नये म्हणून, असं काहीसं म्हणालात आणि लगेच "चल, बिल्ला वाकडा लागला" म्हणून माझ्यावर खेकसलात.

तो अमेरिकन अफसर त्याच दिवसांतला. उंच, कान लाल, पन्नाशीकडे आलेला. त्याच्याच हाताखाली ते सगळं शिवणकाम होतं, म्हणून कफील त्याला दिसला की खुर्ची पुसायचा. तो आला त्या आठवड्यात तुम्ही दिवसभर दुकानात नव्हतात. कफीलच्या दुसऱ्या, बाथा बाजारातल्या दुकानातला कटर लढाईच्या भीतीने गावी पळाला होता, तुम्ही सकाळी तिकडे जायचात आणि संध्याकाळी झोपायला इकडे यायचात. अफसरने कागदी पिशवीतून तो सदरा काढला आणि काउंटरवर असा ठेवला की मला वाटलं आत काही काचेचं आहे. म्हणाला, जर्मन आहे, मागच्या मोठ्या लढाईतला, बापाचा आहे. बाप जर्मन होता का, मी विचारलं. नाही, म्हणाला, आणि कमरेवर बोट ठेवलं. इलॅस्टिक गेलंय, नाडी तुटलीय, एवढं करून दे. मी कमरेला टाचणी लावली. दोन मनगटांना दोन. नाडीला एक. झाल्या चार.

डाव्या खांद्याच्या खाली एक भोक होतं. करंगळीएवढं नाही, पहिलं बोट जाईल एवढं. कडा घासून घासून गुळगुळीत झालेल्या. मी सवयीने तिकडे पाचवी टाचणी नेली आणि त्याने माझं मनगट धरलं. "नो," म्हणाला. "नॉट दिस." आता मी मराठी शाळेत अकरावी झालेला माणूस. मला शेक्सपिअर नसेल कळत, 'नो' कळतं. मी मान हलवली. तो गेला.

चाचा, इथून पुढचं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही समजलात की मी भोक बघितलं आणि आपल्या धंद्याच्या सवयीने टाचणी मारली. तसं नव्हतं. तो गेल्यावर मी सदरा उलटा केला आणि मला ते कापड दिसलं. एकेरी कापड, अस्तर नाही, आणि छपाई दोन्ही बाजूंना. एकीकडे हिरव्यात काळे-पोपटी ठिपके, दुसरीकडे तपकिरी आणि पिकल्या पानांचा रंग. वसंतात एक बाजू वर, पानगळीत दुसरी. इतकं घट्ट विणलेलं की सुई कुरकुरत होती. मनात आलं, ह्याला रफू करायचा झाला तर कसा करणार? धागा एका बाजूला हिरवा दिसला पाहिजे आणि तोच धागा पलीकडे तपकिरी. असा रफू मी पाहिला नव्हता, तुम्ही केल्याचंही ऐकलं नव्हतं. तेवढ्यात माझी नजर खालच्या दुमडीकडे गेली. तिथे आत वळवलेलं दोन बोटं कापड होतं, तेही दोन्ही बाजूंनी छापलेलं. त्यातलाच एक-एक धागा ओढून काढला तर तो एका अंगाने हिरवा, एका अंगाने तपकिरी असणारच. फक्त भरताना त्याला पीळ पडू द्यायचा नाही. हे सुचलं आणि माझा हात राहीना. नो म्हणाला होता, मला ऐकू आलं होतं, समजलं होतं. मी तरी पाचवी टाचणी लावली.

दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. गोदामातले ओव्हरऑल तसेच पडले. दाराशी उजेडात बसायचो, धागा ओल्या फडक्यावर सपाट धरायचो आणि एक उभा, एक आडवा असं भरत जायचो. एक धागा जरा फिरला की हिरव्यात तपकिरी ठिपका दिसायचा, मग तो उसवायचा. कडा मी कापल्या नाहीत, एवढं तुमचं शिकवणं राहिलं होतं अंगात; जुने दोरे आत दाबून त्यावरून भरलं. तिसऱ्या दिवशी पुरा झाला तेव्हा मी सदरा हातभर लांब धरला, मग उलटा करून धरला. आणि वाटलं, आता अफसर बघेल आणि त्याचे डोळे फिरतील. म्हणेल, हे कसं केलंस? कफील ऐकेल, मग तुम्ही ऐकाल. असा माझा हिशोब. पाचवी टाचणी पुठ्ठ्यात टोचली आणि सदरा घडी घालून वर ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही नेमके दुकानात होतात, बाथाचं काम संपलं होतं. अफसर आला, मागून कफील. अफसरने सदरा उलगडला, इलॅस्टिक ताणून बघितलं, खूश झाला. मग आपल्याच नादात, दुसरीकडे बघत बोलता बोलता त्याने डाव्या खांद्याखाली बोट नेलं. बोट अडलं. त्याने खाली पाहिलं. चाचा, मी माणसांना रडताना पाहिलंय, मारामारी करताना पाहिलंय, पण त्याचा चेहरा जसा झाला तसा चेहरा मी परत पाहिला नाही. तो स्टुलावर बसला. ओरडला नाही. हळूहळू सांगायला लागला आणि मी, कारण इंग्रजी मलाच येत होतं, त्याचं बोलणं तुम्हाला सांगत गेलो. त्याचा बाप त्या लढाईत होता. एका जंगलात पंधरा पावलांवर एक जर्मन पोरगा होता आणि बापाला तो दिसलाच नाही, ह्या कपड्यामुळे. हलला तेव्हा दिसला. बापाने गोळी मारली, ती खांद्यात गेली. मग जवळ गेला तर अठरा-एकोणीसचं पोर. बापानेच तो सदरा त्याच्या अंगातून काढला, जखम बांधली आणि पाठीवर घेऊन गेला. पोर जगलं. सदरा बापाकडे राहिला. म्हातारपणी बाप खुर्चीत बसायचा, सदरा मांडीवर आणि बोट त्या भोकात. गेला तेव्हाही बोट तिथेच होतं. आणि आता मुलगा लढाईला आलाय, तोही रोज बोट घालून बसतो.

हे सगळं मी माझ्या तोंडाने मराठीत केलं.

कफीलला अरबीत कुणीतरी सांगायला हवं होतं, ते तुम्ही सांगितलंत. तो तापट माणूस, त्यात एवढं मोठं काम त्या अफसरच्या हातात. त्याने काउंटरवर हात आपटला आणि विचारलं, हे कुणी केलं? मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण तुम्ही पुठ्ठा हातात घेतलात, पाच टाचण्यांवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "अना." मी. एवढंच. मग अरबीत पुढे सांगितलंत की संध्याकाळी बाथाहून आलो, भोक दिसलं, टाचणी मी लावली, आमच्या दुकानात टाचणी लागली की काम होतं, ह्या माणसाने माझ्या टाचणीवर काम केलं. कफील म्हणाला, मग बुकरा खलास. उद्या खुरूज, पासपोर्टावर शिक्का मारून कायमचं गावी.

तुमचा इकामा, इथे राहायचा परवाना, त्याच आठवड्यात नवा व्हायचा होता, कागद त्याच्याच टेबलावर पडलेले. आणि त्या उन्हाळ्यात चाची हजला यायची होती. अठरा वर्षं तुम्ही इथे, आणि चाची गावी शेजारणींना सांगत बसलेली की पुढच्या खेपेला मला नेणार आहेत. त्या वर्षी तुम्ही खरंच सगळं जुळवलं होतं. खुरूजचा शिक्का बसला की तुम्हीही नाही आणि तीही नाही. हे मला माहीत होतं, तुम्ही रोज चहाला तेच बोलायचात. तरी तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाहीत. मला म्हणालात, "त्याला सांग, जोहरची नमाज झाली की बसतो. असरपर्यंत वेळ दे. भोक होता तसा देतो." मी सांगितलं. अफसरने विचारलं, भोक परत देता येतं? तुम्ही म्हणालात, त्याला म्हण, बसून बघ.

दुपारी जोहरची बांग झाली, नमाज झाली, बाजार बंद. शटर अर्धं खाली. कफील जेवायला गेला तो रागातच. आता मला तुम्ही दिसताय, चाचा. चटईवर भिंतीला टेकून, सदरा मांडीवर, हाताशी सगळ्यात बारीक सुई, आणि अफसर स्टुलावर, गुडघ्यांवर कोपर टेकून. मी तुमच्या डाव्या हाताला. तुम्ही सुईच्या टोकाने पहिला धागा उचलता आणि ओढत नाही, नुसता सैल करता, शेजारच्याला धक्का लागत नाही. दोन दिवस मी जे भरलं ते तुम्ही धाग्याधाग्याने मोकळं करताय. प्रत्येक धागा पांढऱ्या कागदावर ठेवताय, मी श्वास सोडला तर उडेल म्हणून मला डोळ्याने दटावताय. एकदा अफसर पुढे झुकून म्हणाला, धागे कशाला ठेवतोय हा? मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "त्याच्या बापाच्या सदऱ्याचा हाय, त्यालाच द्यायचा." मी सांगितलं, तर अफसरने खिशातून च्युइंग गम काढून तुमच्यापुढे धरलं. तुम्ही ते कानावर पेन्सिल ठेवतात तसं ठेवून दिलंत.

आत दाबलेले जुने दोरे तुम्ही एकेक करून बाहेर काढलेत, थुंकीचं बोट लावून होते तसे वळवलेत. दुमडीतले धागे परत जाणार नव्हते, ती जागा तुम्ही आतून शिवून टाकलीत. दिवस कलला, असरची बांग व्हायला थोडा वेळ असताना तुम्ही सदरा त्याच्यापुढे धरलात. त्याने लगेच हात लावला नाही. आधी डोळे मिटले, मग बोट घातलं. "जरा लहान झालंय," म्हणाला. मी घाबरत घाबरत तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "त्याचा बोट करील मोठा. बापाला किती वर्षा लागली असतील." हे मी त्याला जसंच्या तसं सांगितलं आणि तो माणूस हसला, डोळे ओले होते तरी हसला. मग उठला आणि तुम्हाला सलाम ठोकला. वरच्या अफसरला ठोकतात तसा, टाच आपटून. तुम्ही चटईवर बसलेले, कानावर च्युइंग गम, मांडीवर चिंध्या. तुम्ही फक्त म्हणालात, "बस, बस."

शटर वर गेलं, कफील आला. अफसरने त्याला सांगितलं की ह्या म्हाताऱ्याच्या हाताखालून गेल्याशिवाय माझ्या माणसांचा एकही कपडा मला चालणार नाही. तुम्ही तेव्हा पन्नासचेही नव्हतात, पण तो 'म्हातारा' शब्द मी तुम्हाला मराठीत सांगितला नाही. कफीलने तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, डोक्यावरच्या रुमालाचं काळं कडं, ते इगाल, नीट केलं आणि म्हणाला, "यल्ला, शुगल." कामाला लागा. आठ दिवसांनी तुमचा इकामा हातात. माणूस तापट होता पण मनात ठेवणारा नव्हता, हे त्याचं म्हटलं पाहिजे.

अफसर परत आला नाही. जानेवारीत भोंगे वाजायला लागले, आकाशात धडाम व्हायचं आणि आपण दोघं कापायच्या टेबलाखाली शिरायचो. तिथेही तुम्ही हाताने चाचपून पडलेल्या टाचण्या वेचायचात. तो उत्तरेला गेला की घरी गेला, कोण जाणे. उन्हाळ्यात चाची आली. तुम्ही तिला घेऊन मक्केला निघालात तेव्हा तिचा इहरामचा पांढरा कपडा मी शिवला होता. तुम्ही तो उलटा करून बघितलात आणि म्हणालात, "चालेल." चाची म्हणाली, "चालेल काय, छान झालाय." तुम्ही ऐकू न आल्यासारखं केलंत.

त्या दिवसाबद्दल तुम्ही मला कधीच बोलला नाहीत. ना रागाने, ना समजावून. दुसऱ्या सकाळी ओव्हरऑलचा गठ्ठा माझ्यापुढे टाकलात आणि झालं. मी अकरा वर्षांनी खोबरला स्वतःचं दुकान घेतलं तेव्हाही टाचणीची रीत तीच ठेवली. माझ्या हाताखाली बारा माणसं शिकली, केरळचे, बंगालचे, आपले, आणि प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी 'अना'ची गोष्ट सांगायचो. कुणी चूक केली की मीही पुढे होऊन म्हणायचा प्रयत्न करायचो, मी केलं. प्रत्येक वेळी जमलं नाही. पण जमलं तेव्हा छाती भरून यायची की माझा उस्ताद असा होता. मुलीच्या लग्नात माईक हातात आला तेव्हाही मी नवऱ्यामुलाबद्दल दोन शब्द बोलायचे सोडून तुमच्याबद्दलच बोललो. मुलगी अजून चिडवते.

हे पत्र कुठे टाकणार? कबरीवर ठेवलं तर बकऱ्या खातील. मुलगी म्हणाली, बाबा, टाइप करून देते, सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवू. मी नको म्हटलं, कारण आता जे लिहितो ते ह्या गोष्टीत मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही, बाराजणांना नाही आणि लग्नातही नाही.

जोहरनंतर तुम्ही सदरा मांडीवर घेतलात ना, उसवायला बसण्याआधी, तेव्हाचं. तुम्ही डावा खांदा उजेडात धरलात. हिरवी बाजू बघितलीत. उलटा करून तपकिरी बघितलीत. अंगठ्याने दाबून चाचपलंत, परत हिरवी वर घेतलीत. समोर अफसर बसलेला, तुमचा इकामा अधांतरी, चाचीचा हज अधांतरी, आणि सगळं माझ्या हट्टापायी. तुम्ही चष्मा कपाळावर सारलात आणि अफसरला ऐकू जाऊ नये इतक्या हळू मला विचारलंत, "रफू कुठं हाय रे?"

मी सुईच्या टोकाने जागा दाखवली आणि मान खाली घातली. अफसरला वाटलं मला लाज वाटतेय. तुम्हालाही तसंच वाटलं असेल, कारण तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात. चाचा, मी हसत होतो.